ओरखडे पडलेली गेम डिस्क: काय करावे, कुठे थांबावे

गेमची डिस्क अडकली की पहिला संशय तिच्यावरच्या ओरखड्यांवर येतो आणि घरातले कोणीतरी टूथपेस्ट लावायला सुचवते. डिस्क न चालण्यामागे बोटांचे तेलकट ठसे, कन्सोलची थकलेली लेन्स किंवा दुसऱ्या प्रदेशासाठी काढलेली डिस्क अशी कारणेही असू शकतात. चुकीच्या निदानावर केलेली घासाघीस मात्र परत फिरवता येत नाही. म्हणून पुढचा क्रम निरुपद्रवी उपायांपासून सुरू होतो आणि कायमचा बदल करणाऱ्या उपायांकडे जातो. प्रत्येक पायरीनंतर डिस्क लावून पाहा. चालली तर तिथेच थांबा. डिस्क चकचकीत करणे हा दुरुस्तीचा हेतू नाही. लेझरला आतली माहिती वाचता आली की काम झाले, मग वरून डिस्क कितीही मळकट दिसो.

हातातली डिस्क नेमकी कोणती?

बोलताना सगळ्यांनाच ‘सीडी’ म्हटले जाते, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तीन प्रकार अगदी वेगळे आहेत. तिन्हींची जाडी १.२ मिलिमीटरच असते. फरक आहे तो माहितीचा थर किती खोल दडलेला आहे, यात.

- सीडी: प्लेस्टेशन १च्या काळ्या बुडाच्या डिस्क, प्लेस्टेशन २च्या निळ्या बुडाच्या डिस्क आणि पीसीचे जुने गेम. माहितीचा थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली आणि शाईखाली असतो. चमकदार बाजूला जवळजवळ पूर्ण जाडीचे पॉलिकार्बोनेट संरक्षणाला असल्याने ती बाजू बरेच सोसते. नाजूक असते ती छापील बाजू.
- डीव्हीडी: प्लेस्टेशन २च्या चंदेरी डिस्क, पहिला एक्सबॉक्स, एक्सबॉक्स ३६०. वी कन्सोलची डिस्कही याच जातीची. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध असते. दोन्ही बाजूंनी संरक्षण बऱ्यापैकी.
- ब्ल्यू-रे: प्लेस्टेशन ३, ४ आणि ५, एक्सबॉक्स वन, एक्सबॉक्स सीरीज एक्स. माहितीचा थर चमकदार पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. त्यावर कठीण लेप दिलेला असतो, म्हणून या डिस्कवर सहजासहजी ओरखडा पडत नाही. पडला तर मात्र दुरुस्तीला फारच थोडी जागा उरते.

सीडीच्या पृष्ठभागावर लेझरचा किरण सुमारे पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत माहितीच्या थरावर तो बारीक होतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा केसाएवढा ओरखडा किरणाचा थोडाच भाग अडवतो. डीव्हीडीवर हाच किरण अर्धा मिलिमीटर असतो, तर ब्ल्यू-रेवर मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. तोच ओरखडा तिथे किरणाचा मोठा भाग खातो. ब्ल्यू-रेच्या सुरुवातीच्या डिस्क तर प्लास्टिकच्या बंद कवचात ठेवून वापराव्या लागत. पुरेसा कठीण लेप तयार झाल्यावरच त्या उघड्या हाताळणे शक्य झाले. सीडी-डीव्हीडीसाठी सांगितलेला कोणताही घासण्याचा उपाय ब्ल्यू-रेला जसाच्या तसा लावू नये, याचे कारण हे आहे.

दोष डिस्कचाच आहे का?

त्याच प्रकारच्या दोन-तीन इतर डिस्क त्याच कन्सोलमध्ये लावून पाहा. त्याही अडखळत असतील तर दोष बहुधा लेन्सचा किंवा ड्राइव्हचा आहे. शक्य असल्यास संशयित डिस्क दुसऱ्याच्या कन्सोलमध्येही लावून पाहा. एवढ्या एका चाचणीने पुष्कळ अनावश्यक पॉलिश टळते.

प्लेस्टेशन २बाबत एक खास खूण आहे. त्यात सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी वेगवेगळे लेझर असतात. निळ्या बुडाचे सगळे गेम चालतात आणि चंदेरी बुडाचा एकही चालत नाही, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा एक लेझर थकलेला असतो. अशा वेळी डिस्क घासून काहीही हाती लागत नाही.

ओरखड्यांशी संबंध नसलेली आणखी काही कारणे:

- प्रदेशाचे बंधन. भारतात अधिकृतपणे विकला गेलेला प्लेस्टेशन २ ‘पाल’ पद्धतीचा आहे. अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेला गेम त्यात तसाच चालत नाही.
- जुने पीसी गेम. ‘सेफडिस्क’ नावाची कॉपी-संरक्षण पद्धत वापरणारे गेम विंडोज १० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत सुरूच होत नाहीत, कारण त्यासाठी लागणारा भाग मायक्रोसॉफ्टने काढून टाकला आहे. डिस्क नवीकोरी असली तरी परिणाम तोच.
- ओलावा. पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या कन्सोलच्या लेन्सवर बाष्प धरते. तासभर बंद ठेवून पुन्हा लावून पाहावे.
- कॉपी केलेली डिस्क. प्लेस्टेशन २च्या काळात आपल्याकडच्या बाजारात अशा डिस्क भरपूर होत्या. रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते. हे रंगद्रव्य उन्हाने आणि काळाने फिके होते. पॉलिशने ते परत येत नाही.
- अडलेले इन्स्टॉल. एक्सबॉक्स वनमध्ये इन्स्टॉल एखाद्या टक्क्यावर थांबले तर कधीकधी अडथळा डिस्कचा नसून सोबत उतरणाऱ्या अपडेटचा असतो. इंटरनेट तात्पुरते बंद करून पुन्हा इन्स्टॉल करून पाहावे.

खेळातली तुमची प्रगती, म्हणजे सेव्ह केलेला खेळ, डिस्कवर नसतो. तो मेमरी कार्डवर किंवा कन्सोलच्या हार्ड डिस्कवर असतो. डिस्क गेली तरी तो राहतो. दुसरी डिस्क मिळाली की तिथूनच पुढे खेळता येते.

ओरखड्याची तपासणी

ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीजवळ डिस्क तिरपी धरून दिशा, खोली आणि जागा या तीन गोष्टी पाहाव्यात.

दिशा सर्वांत महत्त्वाची. डिस्कवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत लिहिलेली असते. मध्यापासून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा ही रेषा आडवी छेदतो, म्हणजे प्रत्येक वेढ्यात अगदी थोडी माहिती बुडते आणि ड्राइव्ह ती गणिताने भरून काढतो. सीडीत सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग तूट अशी भरता येते. वर्तुळाकार ओरखडा मात्र रेषेच्या बाजूनेच जातो आणि सलग मोठा तुकडा गिळतो. गाण्याच्या सीडीत अशी जागा अंदाजाने झाकता येते, गेममध्ये एक अंक चुकला तरी चालत नाही. म्हणून दहा-बारा आडवे ओरखडे असलेली डिस्क चालते आणि एकच गोल चरा असलेली चालत नाही, असे घडते.

खोली नखाने कळते. नख हलके फिरवल्यावर अडकले नाही तर ओरखडा वरवरचा आहे. नख अडकले तर तो चरा आहे. हाताने पॉलिश करून तो सहसा जात नाही.

जागेवरूनही अंदाज बांधता येतो. वाचन आतल्या कडेपासून सुरू होते. मधल्या भोकाजवळ ओरखडा असेल तर कन्सोल डिस्क ओळखतच नाही. बाहेरच्या कडेला असेल तर डिस्क ओळखली जाते, गेम सुरूही होतो आणि ठरावीक ठिकाणी अडकतो.

शेवटी सीडी उजेडासमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर परावर्तक थरच उडाला आहे. तिथली माहिती कोणत्याही उपायाने परत येत नाही.

पहिली पायरी: धुणे

ही पायरी तिन्ही प्रकारांना चालते आणि ती नीट केली तर पुढच्या पायऱ्यांची गरज अनेकदा उरत नाही.

1. हात धुऊन डिस्क कडेला धरावी. आधी नळाच्या हलक्या धारेखाली धूळ वाहून जाऊ द्यावी. कोरड्या डिस्कवर फडके फिरवले तर त्याच धुळीने नवे ओरखडे पडतात.
2. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घालून बोटाच्या पेराने हलकेच धुवावे. भांडी घासायची पावडर किंवा घासणी अजिबात वापरू नये.
3. स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढावा.
4. मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवून पुसू नये. हे शिस्तीने पाळावे, कारण चुकून ओरखडा पडलाच तर तो आडवा पडेल आणि भरून काढता येईल.
5. पूर्ण वाळल्यावरच डिस्क कन्सोलमध्ये घालावी. उन्हात वाळवू नये.

चिकट डाग किंवा स्टिकरचा गोंद साबणाने निघाला नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता येते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ते ‘आयपीए’ या नावाने मिळते. त्याच दुकानांत थिनरही असते. ते हातात घेऊ नये. थिनर, पेट्रोल, रॉकेल आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांनी पॉलिकार्बोनेट पांढरे पडते किंवा त्याला बारीक तडे जातात. ती डिस्क मग कायमची गेली.

सदऱ्याचे टोक, टिश्यू पेपर आणि वर्तमानपत्र हेही टाळावे.

घासण्याआधी: एकदाच वाचली गेली तर पुरे का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण नव्या कन्सोलबाबत तोच सर्वांत उपयोगी आहे.

प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स वन आणि सीरीज एक्स यांमध्ये गेम आधी डिस्कवरून पूर्णपणे कन्सोलमध्ये उतरतो. त्यानंतर डिस्क लागते ती फक्त मालकीची खूण म्हणून. म्हणजे ओरखडे पडलेली डिस्क अखंड एकदाच वाचली गेली तरी पुरते. यातून काही मार्ग निघतात:

- उतरलेला गेम पुसू नका. जागा करण्यासाठी गेम काढून टाकला की पुन्हा पूर्ण वाचन लागते आणि तेव्हा डिस्क अडते. जागा कमी पडत असेल तर प्लेस्टेशन ४ला २५० जीबी ते ८ टीबी क्षमतेची यूएसबी ३.० हार्ड डिस्क जोडून गेम तिच्यावर हलवावा. प्लेस्टेशन ५चे गेमही अशा हार्ड डिस्कवर साठवता येतात, मात्र खेळताना परत कन्सोलमध्ये आणावे लागतात.
- मित्राची डिस्क वापरून इन्स्टॉल करा. तोच गेम चांगल्या डिस्कवरून उतरवून घ्यावा आणि खेळताना स्वतःची डिस्क घालावी. ती निदान ओळखली जात असेल तर गेम चालतो. प्लेस्टेशन ४च्या दोन्ही डिस्कवरचा ‘सीयूएसए’ने सुरू होणारा क्रमांक एकच असावा; वेगळ्या प्रदेशाची आवृत्ती वेगळा गेम मानली जाते.
- एक्सबॉक्स ३६०ची डिस्क नव्या एक्सबॉक्समध्ये लावून पाहा. जुने गेम चालवण्याच्या यादीत तो गेम असेल तर एक्सबॉक्स वन किंवा सीरीज एक्स डिस्क फक्त ओळखतो आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घेतो. ३६०मध्ये अर्ध्यावर अडकणारी डिस्क इथे कामी येऊ शकते. सीरीज एसला ड्राइव्हच नसल्याने त्यात हा मार्ग नाही.
- एक्सबॉक्स ३६०मध्येही नोव्हेंबर २००८च्या अपडेटपासून गेम हार्ड डिस्कवर उतरवण्याची सोय आहे. डिस्क आत ठेवावी लागते, पण तिच्यावरचे वाचन फारच कमी होते.
- पीसी गेमच्या खोक्यातला कोड शोधा. काही गेम तो कोड स्टीमसारख्या सेवेवर टाकून डिस्कशिवाय उतरवता येतात.

प्लेस्टेशन १, २ आणि पहिला एक्सबॉक्स या कन्सोलमध्ये गेम असा उतरवून घेता येत नाही. खेळताना डिस्क सतत वाचली जाते. प्लेस्टेशन ३मध्ये काही गेमचा थोडा भाग उतरतो, बाकीचा डिस्कवरूनच वाचला जातो.

हाताने पॉलिश: फक्त सीडी आणि डीव्हीडी

ओरखड्याच्या कडा किरण वाकवतात. पॉलिश त्या कडा झिजवते आणि उतार सौम्य करते. प्लास्टिक भरून येत नाही, उलट थोडे कमी होते. म्हणून नखाला न लागणाऱ्या ओरखड्यांवरच हा उपाय करावा आणि आधी एखाद्या निकामी डिस्कवर हात बसवावा. संगणकाच्या मासिकांसोबत येणाऱ्या जुन्या सीडी त्याला उत्तम.

कोणते पॉलिश? मोटारीच्या हेडलाइटची काच हल्ली पॉलिकार्बोनेटचीच असते. त्यामुळे कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारे हेडलाइटचे किंवा प्लास्टिकचे बारीक पॉलिश हा सर्वांत योग्य पर्याय आहे. जाड रबिंग कंपाउंड नको, शेवटचा हात देण्यासाठी असते ते मागावे. ब्रासोनेही काम होते, पण त्यात द्रावक असतो. ते थोडेच घ्यावे, खिडकी उघडी ठेवून वापरावे आणि लगेच धुऊन टाकावे.

1. डिस्क धुऊन वाळवावी. टेबलावर मऊ सुती कापडाची घडी पसरून छापील बाजू खाली ठेवावी. सीडी असेल तर खाली एकही कण नसल्याची खात्री करावी, कारण तिची माहिती त्याच बाजूला आहे.
2. फडक्यावर वाटाण्याएवढे पॉलिश घ्यावे.
3. ओरखडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग मध्यापासून कडेकडे सरळ चोळावा. दाब हलका ठेवावा. एकाच जागी जोर दिला तर खळगा पडतो आणि लेझरचा नेम बिघडतो.
4. तीन ते पाच मिनिटांनी धुऊन, पुसून, वाळवून डिस्क लावून पाहावी.
5. फरक पडला पण गेम पूर्ण चालत नसेल तर आणखी एकदा करावे. दोन फेऱ्यांत काहीच फरक नसेल तर हाताने होणारे काम संपले.

नखाला लागणारा चरा हाताने काढायचा तर पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा वॉटर पेपर, मग ३०००चा, मग कंपाउंड आणि शेवटी पॉलिश असा क्रम आहे. हे काम जमते, पण पहिल्याच प्रयत्नात क्वचितच. दुसरी प्रत सहज मिळणारी नसेल तर वॉटर पेपर हातात घेऊ नये, डिस्क यंत्रावर द्यावी. अडीच-तीनशे रुपयांच्या गेमवर प्रयोग करणे आणि ‘हनुमान: बॉय वॉरियर’सारख्या २००९मधल्या, भारतात तयार झालेल्या आणि आता नव्याने न छापल्या जाणाऱ्या गेमवर प्रयोग करणे, यांतले नुकसान सारखे नाही.

टूथपेस्ट, केळे, व्हॅसलीन

टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, म्हणून ती कधीकधी काम करते. पण ती किती खरखरीत आहे, हे ब्रँडप्रमाणे बदलते. खडबडीत पेस्ट एक ओरखडा पुसताना शेकडो बारीक रेषा उमटवते. दुसरे काही मिळतच नसेल तर साधी पांढरी पेस्ट वापरावी. जेल, दाणेदार आणि दात शुभ्र करणारी पेस्ट टाळावी. हेडलाइट पॉलिश जवळच्या दुकानात मिळत असताना टूथपेस्ट वापरायचे कारण नाही.

केळ्याच्या सालीने डिस्कवर चिकट थर बसतो, त्यापलीकडे भरवशाचे काही होत नाही.

व्हॅसलीन आणि मेण यांचे तत्त्व वेगळे आहे. ते ओरखडा काढत नाहीत, भरतात, आणि प्रकाश सरळ जाऊ देतात. हा परिणाम तात्पुरता असतो, पण गेम एकदा उतरवून घेण्यासाठी तेवढा पुरू शकतो. व्हॅसलीन मात्र वापरू नये: डिस्क वेगाने फिरताना ते उडून लेन्सवर बसते. कार वॅक्सचा अगदी पातळ थर द्यावा, वाळू द्यावा आणि पुसून पृष्ठभाग कोरडा करावा. ब्ल्यू-रेवर करण्याजोगा, डिस्कचे नुकसान न करणारा असा हा एकच उपाय उरतो, कारण त्यात काही झिजत नाही.

यंत्रावरची दुरुस्ती

डिस्क फिरवत ठरावीक दाबाने सगळा पृष्ठभाग समान झिजवणारी यंत्रे असतात. ‘स्किपडॉक्टर’सारखे हाताने फिरवायचे छोटे यंत्र घरी वापरता येते. ते मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा मागे ठेवते. त्या दिसतात, पण वाचनाला बाधत नाहीत. दुकानांत ‘जेएफजे इझी प्रो’सारखी विजेवरची यंत्रे असतात. त्यांत वॉटर पेपर आणि पॉलिश असे टप्पे असतात. समान झीज हा त्यांचा मोठा फायदा आहे आणि खोल चऱ्यासाठी हाच खरा उपाय आहे.

ही सेवा प्रत्येक शहरात मिळत नाही. मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत आणि जुने गेम विकणाऱ्या दुकानांत चौकशी करावी. डिस्क देण्याआधी हे विचारा:

- काम यंत्रावर होणार की हाताने?
- ब्ल्यू-रे डिस्क घेता का? ‘सगळ्या डिस्क एकाच पद्धतीने करतो’ असे उत्तर आले तर ब्ल्यू-रे तिथे देऊ नये.
- दुरुस्तीनंतर डिस्क कन्सोलवर लावून दाखवणार का?
- चालली नाही तर पैसे किती घेणार?

दर वेळी प्लास्टिकचा थर कमी होतो, म्हणून तीच डिस्क वारंवार यंत्रावर घालता येत नाही. देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. पुढे वाद झाला तर तेच उपयोगी पडतात.

जिथे दुरुस्ती करू नये

- मधल्या भोकापासून निघालेली चीर. ड्राइव्हमध्ये डिस्क मिनिटाला हजारो फेरे घेते. चिरलेली डिस्क आतच फुटू शकते आणि ड्राइव्हही निकामी होतो. फेविक्विक लावून ती वापरायचा विचारही करू नये.
- सीडीच्या छापील बाजूचा खोल ओरखडा. तिथे माहितीच खरवडली गेलेली असते.
- थरांत शिरलेले डाग. कडेपासून आत पसरणारे तपकिरी किंवा ढगाळ डाग म्हणजे परावर्तक थराचे गंजणे. धुऊन किंवा घासून ते थांबत नाही.
- एक्सबॉक्स ३६०चा गोल चरा. गेम चालू असताना कन्सोल आडव्याचा उभा केला की फिरती डिस्क आतल्या भागाला घासते आणि पूर्ण वर्तुळाचा चरा पडतो. हा बहुधा फार खोल असतो. यंत्रावर एकदा प्रयत्न करता येतो, पण खात्री नसते.
- पुन्हा पुन्हा पडणारे गोल ओरखडे. दोन-तीन डिस्कवर एकाच जागी खुणा दिसल्या तर दोष कन्सोलचा आहे. त्यात आणखी एकही डिस्क घालू नये.

दुरुस्तीनंतरची ठेवण

डिस्क तिच्या मूळ खोक्यात, उभी आणि उन्हापासून दूर ठेवावी. अनेक पाऊचांचे कापडी फोल्डर सोयीचे वाटतात, पण पाऊचमध्ये साठलेली धूळ डिस्क आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी तिला घासते. कोकणासारख्या दमट हवेत कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात एकदा खोकी उघडून बुरशी पाहावी. डिस्कवर स्टिकर लावू नये. स्लॉटच्या ड्राइव्हमध्ये तो अडकतो.

खरेदीत फसगत झाली तर

नवी, सीलबंद डिस्क चालत नसेल तर तिला कोणताही उपाय करू नका. एकदा पॉलिश केले की मूळ दोष दाखवता येत नाही. बिल जपून ठेवा आणि खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत परत न घेणे, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत परत न घेणे, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणेही त्यातच येते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ एवढे छापून दुकानदार सदोष मालाच्या जबाबदारीतून सुटत नाही. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे. निष्काळजीपणाने डिस्क बिघडवली तर त्याचीही तक्रार करता येते.

ऑनलाइन खरेदीत २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

वापरलेल्या डिस्कबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विक्रेत्याने ओरखडे आधीच दाखवले असतील तर त्यांचीच तक्रार नंतर टिकत नाही. ‘गेम पूर्ण चालतो’ असे त्याने लेखी किंवा मेसेजवर दिले असेल तर मात्र टिकू शकते. घरातली जुनी डिस्क विकणारी खासगी व्यक्ती सहसा व्यापारी ठरत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा बंद असतो. अशा वेळी पैसे देण्याआधी समोर कन्सोलवर डिस्क लावून, शक्य असेल तर पूर्ण इन्स्टॉल होऊ देऊनच व्यवहार करावा.

बॅकअप प्रत काढता येते का?

कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२(१)(एए)नुसार संगणक प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती हरवण्यापासून, नष्ट होण्यापासून किंवा बिघडण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढण्याची मुभा आहे. पीसीच्या, कॉपी-संरक्षण नसलेल्या जुन्या गेमची प्रतिमा-फाइल काढून ठेवणे या मुभेत बसते. डिस्क अजून वाचली जात आहे तोवरच हे करून ठेवावे. कन्सोलच्या डिस्कवर मात्र संरक्षण असते आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ, हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे संरक्षण भेदणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. स्वतःच्या बॅकअपसाठी संरक्षण भेदणे हा हेतू त्यात येतो की नाही, यावर विसंबून कन्सोल मॉड करून घेऊ नये. काढलेली प्रत इतरांना देणे किंवा विकणे कोणत्याही परिस्थितीत या मुभेत येत नाही. मूळ डिस्क विकून टाकली तर बॅकअप प्रतही पुसून टाकावी लागते, कारण ती ठेवण्याचा आधार मूळ प्रत तुमच्याकडे असण्यातच आहे.